खुराड्यातले पूर्वज

फॉन्सी गिलहूली आपल्या दारात उभा राहून पाहुण्याला धडधडीत खोटं सांगत होता, आणि वर चेहरा असा की नुकताच चर्चमधून आलाय. "नाही हो. तुमचे गिलहूली वेगळे. आमचा-तुमचा काडीचा संबंध नाही."

पाहुणा अमेरिकेहून आला होता. नाव वॉल्टर गिलहूली, वय साठीच्या पुढे, विजार पिवळीधमक. आजोबा ह्यूई याच गावातून बोटीवर गेले, एवढंच त्याला ठाऊक होतं. फॉन्सीला मात्र सगळं ठाऊक होतं. ह्यूई म्हणजे त्याच्या आजोबांचा थोरला भाऊ. थोरला परदेशी गेला म्हणून तर शेत धाकट्याला मिळालं. लायट्रिम परगण्याच्या त्या मुलखात अमेरिकेचा माणूस आजोबांचं नाव घेत आला, की शहाणा शेतकरी आधी आपल्या शेताकडे बघतो. फॉन्सीनेही बघितलं. लव्हाळ्यांनी भरलेला पाणथळ तुकडा, गाय आत शिरली की दोरीने ओढून काढावी लागे. पण फॉन्सीचा जीव होता त्यावर. शिवाय पाहुण्याचे कान अगदी त्याच्याचसारखे, सुपाएवढे. त्याने आपली टोपी हळूच कानांवर ओढून घेतली.

"मग आमचे लोक राहायचे कुठे?" वॉल्टरने विचारलं.

"वर टेकडीवर. ब्रीजी मॅकपार्टलिनच्या घरामागे पडक्या भिंती आहेत बघा. सगळे गेले बिचारे. नाव घ्यायला कुणी उरलं नाही."

त्या भिंती म्हणजे ब्रीजीच्या बापाने बांधलेलं कोंबड्यांचं खुराडं. छप्पर वादळात उडालं होतं.

वॉल्टर वर गेला आणि भिंतीला मिठी मारून ढसाढसा रडला. ब्रीजी विधवा बाई, जीभ अशी तिखट की पाद्रीबाबासुद्धा तिला वचकून असत. पण आपल्या खुराड्यासाठी इतकं रडणाऱ्या माणसाला खरं सांगायचं तरी कोणत्या तोंडाने? तिने त्याला घरात नेलं, चहा दिला, सोडा घातलेला पाव लोणी लावून दिला, आणि दुसरा कप संपायच्या आत ती त्याची लांबची बहीण होऊन बसली. संध्याकाळी गाव जमला. "ह्यूईचा पलंग त्या कोपऱ्यात असायचा," ब्रीजी खिडकीतून दाखवत होती. तिथे एक कोंबडी अंड्यांवर बसली होती.

खाली फॉन्सीच्या जिवात जीव आला होता. पण वरून फिडलचे सूर ऐकू येऊ लागले, हसणं ऐकू येऊ लागलं, आणि त्याला घरात चैन पडेना. शेवटी कुत्रा हरवला या सबबीवर तो टेकडी चढला. कुत्रा त्याच्या मागोमागच येत होता.

दाराशी पोचला तर वॉल्टर बोलत होता. "बायको गेली, मूलबाळ नाही. नाताळला टीव्हीसमोर एकटाच जेवतो. म्हटलं, मरायच्या आत बघावं आपल्या रक्ताचं कुणी आहे का. कुणी नाही. पण ही ब्रीजी भेटली, तेवढं पुष्कळ झालं."

नाताळला फॉन्सी स्वतः कुत्र्याशी बोलत जेवायचा. आणि इथे त्याचा भाऊ ब्रीजीच्या हातचं लोणी खात तिला बहीण म्हणत होता. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला.

"ते खुराडं आहे," तो दारातूनच म्हणाला. "मी खोटं बोललो. तू आमचा आहेस."

"अरे वा," ब्रीजी कमरेवर हात ठेवून उठली. "सकाळी नको होता, आता हवा झाला होय?"

"पुरावा काय?" वॉल्टर म्हणाला.

फॉन्सीने टोपी काढली. सगळ्यांनी चारही कान आळीपाळीने बघितले.

"कान काय, आमच्या गाढवालाही आहेत," ब्रीजी म्हणाली.

"हे बघा," वॉल्टर गयावया करत म्हणाला, "मी तिथे मनापासून रडलोय. आता दुसऱ्या घरासाठी पुन्हा रडायचं त्राण नाही माझ्यात."

फॉन्सीने टोपी चुरगाळली. मग जमिनीकडे बघत तो म्हणाला, "माझं अर्धं शेत घे."

फिडल थांबलं. एकाच्या हातातला चहा सांडला, तो तसाच बसून राहिला. तिथला माणूस एक वेळ उपाशी राहील, पण बांधावरची वीतभर जागा सोडणार नाही.

ब्रीजीने चहाच्या फडक्याने डोळे टिपले. "ने त्याला," ती म्हणाली. "तुझाच आहे तो. परक्याला अर्धं शेत कुणी देत नाही."

उन्हाळ्याचे दिवस, उजेड अजून होता. फॉन्सी त्याला शेत दाखवायला घेऊन गेला. चार पावलांत वॉल्टर पिवळ्या विजारीसकट गुडघाभर रुतला.

"हेच का ते?"

"हेच म्हणजे?"

"या डबक्यासाठी तू मला खुराड्यात पाठवलंस?"

"डबकं कुणाला म्हणतोस रे? तुझ्या आजोबाला दोन दिवस चिखल सोसला नाही म्हणून पळाला तो."

"पळाला नाही, अक्कल होती त्याला. बेडूकसुद्धा राहायचा नाही इथे."

"मग दे परत माझं अर्धं!"

"देत नाही जा. आजोबांचं आहे."

फॉन्सी त्याला ओढायला गेला आणि स्वतःच रुतला. दोघं एकमेकांच्या बाह्या धरून उभे, आणि तोंडं चालूच. ब्रीजी दोर घेऊन बांधाशी आली, पण फॉन्सीने तिला हातानेच थांब म्हटलं. घरच्या माणसाशी भांडायला मिळून त्याला वर्षं झाली होती, आणि आत्ता कुठे रंग भरत होता.