कुंडीत बुडालेला माकडशिंग

मित्रांनो, मी माकडशिंग! म्हसा गावामागच्या टेकडीवर काळ्या कातळाला एक फट आहे, तिथला मी जुना रहिवासी. पानं नाहीत म्हणून हसू नका. माझ्या चौधारी, मांसल कांड्यांत पाणी साठवून मी अख्खा उन्हाळा काढतो. वैशाखात कातळ तव्यासारखा तापतो, गवत जळून जातं, मी मात्र ताठ!

वाडीतली गिरजामावशी मला खुडायला यायची. मीठ लावून खायची, चटणी करायची. पण खुडायची फक्त कोवळे शेंडे. "बूड ऱ्हायलं तर फुडल्या साली परत भेटू," असं मलाच सांगून जायची. खाणाऱ्यांचा मला कधी राग आला नाही.

राग आला तो वाचवणाऱ्यांचा!

शाळेत प्रदर्शन होतं. नववीतली राही खुरपं घेऊन आली आणि मला मुळासकट उपटलं. रंगीत कुंडी, लाल माती, वर शेणखत. शेजारी फलक: 'दुर्मीळ वनस्पती वाचवा'. अहो, कातळावर मी वाचलेलाच होतो की! हेमंत सरांनी पहिला नंबर दिला, टाळ्या वाजल्या. मला विचारलं कुणी?

मग राहीच्या ओट्यावर मला सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी. प्रेमाने हं! माझी मुळं कुजली, कांडी पिवळी, लिबलिबीत झाली. राहीला वाटलं, तहान लागली. तिने आणखी एक तांब्या ओतला!

तेवढ्यात मोळी घेऊन गिरजामावशी ओट्यासमोर थबकली.

"गो राही, ढोर हाय का ते, दोन टायमाला पाणी पाजतेस?"

"मावशी, सुकतोय ना तो!"

"सुकत नाय, बुडतोय. कातळावर कोन जातं गो तांब्या घेऊन?"

राहीचा चेहरा उतरला. "मेला का मग?"

मावशीने कुंडी उपडी केली. सगळा मी सडलेला. बोटभर शेंडा तेवढा टणक. तो तिने मोडून राहीच्या हातावर ठेवला. "आठ दिस कौलावर टाक. जखम सुकू दे. पाणी दाखवलंस तर माझ्याशी गाठ हाय!"

नवव्या दिवशी राहीने मला त्याच फटीत खोचलं. सवयीने तिचा हात पाण्याच्या बाटलीकडे गेला. मी धास्तावलो! पण ती थांबली, आणि सगळं पाणी स्वतःच गटागटा पिऊन टाकलं.

मित्रांनो, माया अशी करा. टेकडीवर या, मला बघा, भूक लागली तर शेंडाही खुडा. बूड मात्र कातळाचं आहे. त्याला हात लावायचा नाही!