ओल्यावर लावलेलं झाकण

"बी ओलं असलं ना, तर झाकण लावायचं नाही गं. गुदमरतं ते."

हे सांगितलं तेव्हा अक्का नऊ वर्षांची होती आणि तिची धाकटी बहीण सहा. पुढे अक्काचा आवाज खोकल्याने पोखरला, पण धाकटीच्या कानात राहिला तो नऊ वर्षांचाच.

धाकटीचं आता शिवणाचं दुकान आहे. मशीनमागे फळीवर बटणांचे डबे, खालच्या फळीवर बिया. कुंपणाकडेच्या, पडीक जागेतल्या रानफुलांच्या; माणसांना ज्यांचं नाव आठवत नाही, पण मधमाश्या-भुंगे ज्यांच्यावर जगतात, त्यांच्या. अक्कानेच गल्लीला हा नाद लावला होता. शेंगा वाळल्या की सगळ्यांनी गोळा करायच्या, दहांतली एकच तोडायची. धाकटीने चिंध्यांच्या पुरचुंड्या शिवायच्या आणि वर्षातून एका रविवारी वाचनालयाच्या व्हरांड्यात त्या वाटायच्या. वाटताना अक्का गुणगुणायची:

एक बी मातीला, एक बी गं वाऱ्याला,
उरलंसुरलं बाई, शेजारच्या दाराला.

अक्का जाऊन आठ महिने झाले. धाकटी रडली नाही. लोक म्हणाले, धीराची आहे. धीर कसला! सुई बोटात शिरायची तरी कळायचं नाही. कापडावर लाल ठिपका उमटला की ती बोट तोंडात घालायची आणि पुढचा टाका घ्यायची.

गोदामाच्या भिंतीलगत एक निळं फूल यायचं. साऱ्या वस्तीत तेवढंच उरलेलं; आता तिथेही काँक्रीट आहे. काँक्रीट पडायच्या आदल्या दिवशी अक्काने त्याच्या शेंगा ओंजळभर आणून दिल्या. "हिरवट आहेत अजून. कागदावर पसर हं." दुपारी फोन आला, अक्काला दवाखान्यात नेलंय. धाकटीने ती ओंजळ बटणांच्या रिकाम्या डब्यात ओतली, झाकण दाबलं आणि धावत सुटली.

खाटेवरून अक्काने एवढंच विचारलं, "कागदावर आहे ना बी?"

"आहे."

महिन्याभराने डबा उघडला, तर आत पांढरी बुरशी. तिने बिया पुसल्या, दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून पंधरा दिवस ठेवले. एकही फुगला नाही. पण वाटपाच्या रविवारी जो तो हात पुढे करून म्हणे, "अक्काचं निळं द्या." तिने दिलं.

आज सकाळी पोस्टमन डोकावला. "शिंपीणबाई, तुमच्या बियांनी संप पुकारलाय का? बायको विचारतेय, ही माती किती दिवस पाळायची?"

"काही बिया आळशी असतात," ती म्हणाली. तो हसत गेला. हे वाक्य तिला आता पाठ झालं होतं.

दुपारी भाची आली, अक्काची लेक. काखेत कुंडी, कुंडीत नुसती माती. कुंडी तिने मशीनशेजारी ठेवली.

"मावशी, बाकीच्यांचं आलं का गं?"

धाकटीने पायाने मशीन चालू केलं. "काम आहे मला. बस ना."

"आलंच असणार. माझंच नाही आलं. एक भुंगा येतो रोज, मातीवर घिरट्या घालतो आणि जातो. लाज वाटते मला त्याची." भाची स्टुलावर बसली. "आई म्हणायची ना, 'तू तर निवडुंगही मारशील.' चेष्टेतच म्हणायची. पण खरंच निघालं. तिचं एवढंच राहिलं होतं, आणि मी पाणी घालघालून कुजवलं."

मशीन चालत होतं.

"पुढच्या वर्षी मला देऊ नकोस. मी वाटायलाही नाही येणार. ज्याच्या हाताला गुण आहे, त्याला दे."

ती उठली. कुंडी उचलायला वाकली, मग तशीच ठेवून दाराकडे निघाली.

धाकटीने कापड सोडवून घेतलं. अख्खी दुमड शिवून झाली होती आणि दोरा नव्हताच. वरचं रीळ कधीचं संपलेलं. नुसती भोकं, एका ओळीत, सरळ. ती त्यावरून बोट फिरवत राहिली.

"थांब गं पोरी."

भाची उंबऱ्यात थांबली.

"तुझ्या हाताला काही झालेलं नाही. मी ओल्यावरच झाकण लावलं. कागदावर आहे म्हणून तुझ्या आईला खोटं सांगितलं. तुला दिलं तेव्हाच ते मेलेलं होतं, आणि मला माहीत होतं."