शिखराच्या तासभर अलीकडे

तंबू शिवायचा कारखाना मालकांनी आणि कटिंग मास्तरांनी मिळून उभा केला. सुरुवातीला एकच मशीन होतं. मास्तर कापायचे, मालक शिवायचे. आता साठ माणसं होती, आणि मालकांना गिर्यारोहणाचं वेड लागलं होतं. व्यवस्थापक नेमायची वेळ आली तेव्हा ते मास्तरांना आणि आपल्या धाकट्या मेहुण्याला घेऊन थेट बर्फाच्या डोंगरावर गेले.

"जोखीम घेईल तोच वाढेल," मालक म्हणाले. "माणूस इथेच कळतो."

"मालक, मी कापड कापतो, डोंगर नाही," मास्तर हसून म्हणाले, पण गेले.

शिखर तासाभरावर असताना मेहुणा मटकन खाली बसला. जीभ जड झालेली, हातमोजा कुठेतरी टाकलेला. मास्तरांनी त्याची बोटं पाहिली. मेणासारखी पांढरी.

"याला आत्ताच्या आत्ता खाली न्यायला हवं."

"बसू दे. येताना घेऊ."

"येताना प्रेत घ्यावं लागेल, मालक."

मालक वर चालू लागले. मास्तरांनी मेहुण्याला दोराने स्वतःशी बांधलं आणि थोडं ओढत, थोडं पाठीवर घेत, पाच तासांनी तळावर आणलं. त्याची दोन बोटं गेली. जीव वाचला.

पंधरवड्याने मालकांनी सगळ्या कामगारांना गोळा केलं.

"शिखर हाताशी आलं असताना एक जण मागे फिरला," ते म्हणाले, आणि मेहुण्याकडे वळले. "तुला उतरायचं होतं का रे?"

मेहुणा बँडेजकडे बघत राहिला.

"नाही, भाऊजी. मी चढलो असतो. मास्तरच घाबरले."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. व्यवस्थापकाची खुर्ची मेहुण्याला मिळाली. मास्तरांनी त्याच्या हाताखाली राबायचं असं ठरलं. ते तडक घरी निघून आले.

सगळं ऐकून बायको म्हणाली, "जाऊ द्या. एक जीव वाचवलात, ते काय कमी आहे?"

मास्तरांनी पायातल्या चपला काढल्या.

"पुन्हा तसाच बसला असता, तर पुन्हा आणलाच असतात तुम्ही. ओळखते ना मी."

"नसता आणला," मास्तर म्हणाले.

तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते रागाने बोलत नव्हते. ती उठली आणि आतल्या खोलीत जाऊन बसली.