पाय वळतात तिथे

साहेबांनी भिंतीवरच्या नकाशाला चौथी टाचणी टोचली आणि पेन्सिलीचं मागचं टोक तांबड्या रेघेवर आपटलं. एकदा, दोनदा, तीनदा. रेघ जिथे जिथे वाकली होती, बरोबर तिथे.

"हे काय आहे?"

चौकीच्या बाकावर दोघी बसल्या होत्या, नणंद आणि वहिनी.

"रेघ कशी हवी?"

"सरळ," नणंद म्हणाली, वर्गात उत्तर द्यावं तशी.

"मग ही कशी आहे?"

"थोडी वाकडी आहे. पण ती वहिनीची आहे, साहेब. माझी निळी."

साहेबांनी पेन्सिल निळ्या रेघेवर नेली. निळीही त्याच तीन ठिकाणी वाकली होती. तिच्या शेजारची हिरवी, म्हणजे पूर्वी टपाल वाटणाऱ्या आजोबांची, तीही तशीच. नणंदेने पदराचं टोक दाताखाली धरलं.

"वन्सं," वाटाडी हळूच म्हणाली, "आता जरा कमी बोला."

वाटाडी म्हणजे तिची वहिनी. डोंगरातली प्रत्येक पायवाट पाठ, म्हणून सारं गाव तिला वाटाडी म्हणे. साहेबांनाही गावाने नाव दिलं होतं, पण ते पाठीमागे: पट्टीसाहेब. दोन वर्षांपूर्वी खालच्या कार्यालयातून ते आले, तेव्हा पिशवीतून पहिल्यांदा काय काढलं? कपडे नाही, पाण्याची बाटली नाही. हातभर लांबीची पोलादी पट्टी! माणूस मात्र मनाचा लोण्यासारखा. गावातल्या बारा जणांना त्यांनी दुर्बीण धरायला शिकवली, तक्ते भरायला शिकवले, आग पसरू नये म्हणून गवताचे पट्टे कसे साफ करायचे ते स्वतः विळा घेऊन दाखवलं. कुणी चुकलं तर रागवायचे, आणि रागावल्यावर स्वतःच दिवसभर उदास असायचे.

आज ते उदास नव्हते, घाबरलेले होते. कारण आज मोठ्या बाई, म्हणजे साहेबांच्या वरच्या अधिकारी, येणार होत्या.

हा डोंगर राखीव. आता तो राखायचा कुणी, हे मोठ्या बाई आज ठरवणार होत्या. एकीकडे गावातले हे बारा जण आणि दुसरीकडे खालच्या शहरातली पगारी रक्षकांची कंपनी. आणि निकाल लागणार होता तो याच कागदावर. यंत्रात दाखवलेल्या सरळ रेघेवरून चालायचं, दोन्ही बाजूंना दिसतील तेवढ्या रानशेळ्या टिपायच्या. चालणारा रेघ सोडून गेला की यंत्र टुकटुक करायचं, आणि तो खरोखर जिथून गेला ती रेघ टिपून ठेवायचं. नणंदेने त्याचं नाव टुकटुक्या ठेवलं होतं. चार महिन्यांत टुकटुक्या फार बोलला होता.

"एकीने चूक केली आणि बाकीच्यांनी ती गिरवली," साहेब खुर्चीत बसत म्हणाले. "बाई पहिलं हेच बघतील. मी काय सांगू त्यांना?"

वाटाडी खिडकीतून फाटकाकडे बघत होती. फाटकाला मोठं कुलूप होतं, आणि त्याची एकुलती एक किल्ली खाली कार्यालयात; फेरीच्या दिवशी ती मागवावी लागे. नऊ वर्षांपूर्वीही अशीच कुणाच्या तरी खिशात होती. तेव्हा याच कंपनीचे रक्षक होते. उन्हाळ्यात वरच्या उतारावर वणवा लागला, आणि सगळं गाव हातात ओल्या फांद्या घेऊन या फाटकापाशी उभं राहिलं. किल्लीवाला सुट्टीवर गेला होता. कुलूप तोडेपर्यंत वरून करडांचं ओरडणं ऐकू येत होतं. मग तेही थांबलं. देवाने सगळं विसरायची सोय केली आहे म्हणतात. वाटाडीसाठी तेवढं एक ओरडणं मागे ठेवलं होतं.

मोठ्या बाई आल्या त्या चालत. जीप त्यांनी खालीच सोडली होती. साठीला आलेल्या, एका गुडघ्याला पट्टा, हातात काठी. पाण्याचा पेला त्यांनी उभ्यानेच रिकामा केला आणि सरळ नकाशापुढे जाऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ बघत होत्या. साहेबांनी घसा साफ केला.

"बाई, त्या तीन जागांबद्दल मी समज दिली आहे. पुढच्या फेरीला—"

"तुम्ही तिघं बरोबर चालला होता का?" बाईंनी बाकाकडे वळून विचारलं.

"नाही बाई," वाटाडी उभी राहिली. "वेगवेगळ्या आठवड्यांत. एकाला दुसऱ्याची रेघ दाखवत नाहीत. कागद आजच पहिल्यांदा बघतोय."

साहेबांनी मान वर केली. ही गोष्ट त्यांच्या लक्षातच आली नव्हती. आणि कागद कपाटात बंद ठेवणारे तेच.

"मग ही पहिली जागा?"

"काळा खडक. तिथे पाखरं जमिनीवर अंडी घालतात. पायाखाली येतील म्हणून आम्ही खालून जातो."

"दुसरी?"

"झऱ्याची चढण. सकाळी शेळ्या करडांना घेऊन पाण्यावर येतात. माणूस वरून आला की करडं कड्याकडे पळतात. म्हणून वळसा."

"आणि ही तिसरी?"

नणंद वाटाडीला कोपराने ढोसत होती. काहीतरी सांग, वहिनी, कसलंही बीळ सांग, घरटं सांग. सांगायला काय जात होतं? पण वाटाडीने पायांकडे पाहिलं, चिखल वाळलेल्या बुटांकडे.

"माहीत नाही, बाई."

"माहीत नाही?"

"तिथे मोकळं गवत आहे. मी तिथे कधी काही बघितलं नाही. माझी आई त्या जागेला वळसा घालायची, तिचं बघून मी. पाय वळतात, एवढंच."

साहेबांनी डोळे मिटून घेतले. नणंदेने कपाळाला हात लावला. बाईंनी मात्र काठी उचलली.

"चला, बघून येऊ."

बाईंनी आणलेल्या किल्लीने फाटक उघडून चौघं निघाली. साहेब टुकटुक्या घेऊन पुढे, मागे बाई, त्यांच्या मागे या दोघी. उन्हं अजून कोवळी होती आणि गवतावरचं दव बुटांतून आत येत होतं.

"वहिनी, तुला देवाने जीभ दिली ती कशासाठी?" नणंद कुजबुजली. "अस्वल म्हणायचं! अस्वल म्हटलं असतं तर बाई चौकीतच बसल्या असत्या."

"आणि उद्या कुणी अस्वल बघायला आलं असतं तर?"

"तर माझ्या भावाला घोंगडं पांघरून बसवलं असतं. एरवी तरी काय करतो तो?"

पुढे चालणाऱ्या बाईंचे खांदे हलले. हसल्या की दमल्या, ते मागून कळलं नाही.

तिसरी जागा आली. समोर मोकळा उतार होता, कमरेपर्यंत गवत, मधे दोनचार धोंडे. वाटाडीचे पाय आपसूक डावीकडे वळले आणि ती थांबली. नणंदही थांबली. यंत्रातली रेघ समोरच्या गवतातून सरळ जात होती.

"बाई, मी सरळ जाऊन दाखवतो," साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, विनवणी होती. "जागा मोकळी आहे. एकदा सिद्ध झालं की पुढच्या वेळी ही मंडळी घाबरणार नाहीत. कामाची आहेत हो बाई. या वळशांवरून त्यांना काढू नका."

हे वाटाडीने ऐकलं. दोन वर्षं हा माणूस पट्टी घेऊन मागे लागला होता तो कुणासाठी, ते आज कळलं.

साहेब गवतात शिरले. दहा पावलं. पंधरा. यंत्र गप्प, म्हणजे रेघ बरोबर. वीस पावलांवर ते उभे राहिले. पाय उचललेला होता, तो तसाच हवेत. मग तो त्यांनी हळूच मागे टेकला. त्यामागे दुसरा. माणूस पाठ न फिरवता, एकेक पाऊल मोजत, उलटा चालत बाहेर आला. चेहरा लहान मुलासारखा झाला होता.

"शेळी," त्यांच्या ओठांतून कसंबसं आलं. "व्यायली आहे. आत्ताच. दोन करडं आहेत... अजून ओली आहेत."

वाऱ्याने गवत एका बाजूला झुकलं आणि क्षणभर धोंड्याच्या आडून एक वाकडं शिंग दिसलं, आणि त्याच्याखाली उभं राहायची खटपट करणारा, चार काड्यांवर डुलणारा एक जीव. पडला. पुन्हा उठला. नणंदेने दोन्ही हात जोडले. तिची बडबड कुठे गेली होती देव जाणे.

बाईंनी दुर्बीण खाली घेतली.

"वणव्यानंतर या उतारावर एकही वीण नोंदलेली नाही. कंपनीच्या कागदावर हा उतार ओसाड आहे."

"ओसाडच दिसतो," वाटाडी म्हणाली. "शेळी इथे येते ती इथून कुणी जात-येत नाही म्हणूनच. आई वळायची त्याचं कारण हेच असणार. मला तिने सांगितलं नाही. बहुतेक तिलाही कुणी सांगितलं नसेल."

"मोजणीत या वाकड्या रेघांचे आकडे धरता येणार नाहीत," बाई म्हणाल्या, आणि साहेबांचा चेहरा पडायच्या आत पुढे म्हणाल्या, "मोजणीची रेघ सरळच लागते. ती आपण खालून नवी आखू. आणि हे तीन वळसे वेगळ्या नकाशावर घ्या. तिथे विणीच्या दिवसांत कुणी जायचं नाही. मीसुद्धा नाही. बाकीच्या नऊ जणांचे पाय आणखी कुठेकुठे वळतात, तेही विचारा. उरलेला डोंगर या बारा जणांना विचारूनच आखायचा. कंपनीला मी आजच नकार कळवते."

साहेबांनी मान डोलावली आणि उताराच्या पलीकडून फाटकाकडे परतायला पुढे झाले. सरळ वाट गवतातून होती. ते डावीकडे वळले, वाटाडी वळायची तसेच, लांबचा फेरा घेऊन. त्यांच्या हातातलं यंत्र लगेच ओरडू लागलं. टुक, टुक, टुक. त्यांनी ते गडबडीने बंद करायला बोट नेलं.

"वाजू द्या," मोठ्या बाई म्हणाल्या. "लिहून घेतंय ते."

टुकटुक्या वाजत राहिला. नणंद तोंडावर पदर धरून इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

फाटकापाशी बाईंनी पिशवीच्या आतल्या कप्प्यातून किल्ली काढली. जड, जुनी, दोरा बांधलेली. त्यांनी ती वाटाडीच्या तळहातावर ठेवली.

"प्रमुख तुम्ही. सांभाळून ठेवा, एकच आहे."

वाटाडीने किल्लीकडे पाहिलं. मूठ बंद केली. मग वरच्या उताराकडे बघितलं, आणि मूठ पुन्हा उघडून किल्ली नणंदेच्या हातात दिली.

"वन्सं, बाजारात किल्ल्या करणारा दुपारपर्यंत बसतो. पळा. अजून अकरा करून आणा."