रुमणं पाण्यावर गेलं

मित्रांनो, मी एक जुना सुकाणूचा दांडा आहे. शिडाच्या होडीत मागे बसलेल्या माणसाच्या हातात जे लाकूड असतं आणि जे हलवलं की होडी वळते, ते लाकूड म्हणजे मी. पण माझं अर्ध्याहून जास्त आयुष्य पाण्यात नाही, मातीत गेलं. तेव्हा मी रुमणं होतो.

रुमणं तुम्हाला माहीत नसेल, तर त्यात तुमचा दोष नाही. तुमच्या शहरात आता नांगर राहिलेले नाहीत. बैल नांगर ओढू लागले की नांगरणारा माणूस मागून एक उभं लाकूड धरून चालतो. ते रुमणं. त्यावर हाताचा भार टाकला की फाळ जमिनीत खोल जातो. भार कमी पडला तर फाळ जमीन नुसती खरवडतो. म्हणून मला लहानपणापासून एकच गोष्ट ठाऊक होती. जो मला जोरात दाबतो, तो चांगला शेतकरी.

माझा जन्म खराडीचा. आज तिथे काचेच्या इमारती आहेत. तेव्हा नदीकडेला बाभळीची रांग होती. सुखदेव सुतारांनी त्यातली एक बाभूळ तोडली, लाकूड पाण्यात मुरवलं आणि मला घडवलं. ज्यांच्यासाठी घडवलं, ते संभाजी तेव्हा तरणेबांड होते. त्यांचा तळवा माझ्यावर पडला की बैलसुद्धा कान टवकारत. त्यांचं तास, म्हणजे नांगराची रेघ, दोरी लावल्यासारखं सरळ पडायचं. त्यांच्या रानातली मेथी आणि वांगी मंडईत गेली, की व्यापारी नाव विचारून घेत. मला वाटायचं, यात थोडं नाव माझंही आहे.

मग एक वाईट साल आलं. संभाजींच्या पायात नारू झाला. नारू म्हणजे दोऱ्यासारखा लांब किडा. वाईट पाण्यातून पोटात जायचा आणि पायाची कातडी फोडून बाहेर यायचा. आता तो रोग राहिला नाही, हे फार चांगलं झालं. संभाजींना पाय टेकवेना. जमिनीला वाफसा, म्हणजे नांगरण्याजोगी ओल, आलेला, सगळ्यांचे नांगर आपापल्या रानात गुंतलेले, आणि ते बांधावर बाज टाकून पडलेले.

त्यांची पत्नी सरुबाई. बैलांना वैरण घालणं, पाणी पाजणं तीच करायची. तिने बैल जुंपले, नांगर तासाला लावला आणि माझ्यावर हात ठेवला. तो हात मला नवा होता. माझी मूठ तिच्या मुठीत पुरती मावतही नव्हती, पण तिने घट्ट धरलं होतं.

बाजेवरून संभाजी ओरडले, "हात काढ!"

"का वं?"

"बाईनं रुमणं धरलं की पाऊस रुसतो. लोकं काय म्हनतील?"

"लोकं नांगराय येनार हायेत का?"

"हात काढ म्हनलं ना सरू!"

वाटेने जाणारी दोन माणसं थांबून हसली. सरुबाईने हात काढला. बैल सोडले. त्या साली खालचं रान पडीक राहिलं. पाऊस मात्र चांगला झाला.

पुढे ट्रॅक्टर आला आणि माझं काम कमी झालं. मग जमिनी विकत घेणारे लोक आले. जिथे वांगी होत, तिथे संगणकाच्या कंपन्या उभ्या राहिल्या. राहिलेल्या तुकड्यावर संभाजींनी इमारत बांधली आणि कंपन्यांतली मुलं तिथे भाड्याने राहू लागली. नांगराचा लोखंडी फाळ भंगारात गेला. मला कुणी घेतलं नाही. मी पार्किंगच्या कोपऱ्यात पडून राहिलो. वॉचमन मला फाटकाला टेकू म्हणून लावायचा. वाळवी येऊन पाहून गेली. बाभळीच्या गाभ्यापुढे तिचं काही चाललं नाही.

संभाजी फाटकाजवळ प्लास्टिकच्या खुर्चीत बसू लागले. सकाळी बसले की जेवायला उठायचे आणि पुन्हा येऊन बसायचे. त्यांचे हात मांडीवर उलटे पडलेले असत. मी कोपऱ्यातून त्यांच्याकडे पाहायचो. आम्हा दोघांनाही करायला काही उरलं नव्हतं.

त्यांचा मुलगा रविराज अशाच एका कंपनीत नोकरीला होता. त्याने आणि त्याच्या ऑफिसातल्या मित्रमैत्रिणींनी भागीत एक जुनी शिडाची होडी घेतली आणि पानशेतच्या जलाशयात ठेवली. तिच्या सुकाणूचा दांडा मोडला होता. रविराजची नजर माझ्यावर पडली. त्याने मला भवानी पेठेत एका सुताराकडे नेलं. सुतार म्हणाला, "बाभूळ आणलीत होय? साहेब, माझ्या रंध्याची तुम्हाला काही दया?" तरी त्याने मला तासलं, तेल पाजलं, लोखंडी पट्टी बसवली. मी होडीवर चढलो.

मित्रांनो, तिथे मला सगळं नव्याने शिकावं लागलं. पाण्यात दाबण्यासारखं काही नसतं. मला डावीकडे ढकललं की होडी उजवीकडे जाते. आणि जोर करायचा नाही, बोटांनी धरायचं. मला आधी हा अपमान वाटला. मग सवय झाली.

सुट्टी आली की हे भागीदार नवशिक्यांनाही बरोबर नेत. तीन दिवस किनाऱ्यावर तंबूत राहायचं, स्वयंपाक मिळून करायचा आणि दिवसा होडी शिकायची. एका हिवाळ्यात रविराजने आईवडिलांना आणलं. आप्पा त्या खुर्चीतून उठावेत, एवढीच त्याची इच्छा होती. चौथे होते रावसाहेब, शनिवार पेठेतले, बँकेतून निवृत्त झालेले, कुणाच्या ओळखीचे नसलेले. आणि शिकवायला होती मैत्री. रविराजच्याच कंपनीतली मुलगी. कॉलेजात असताना एनसीसीच्या नौदल विभागात शिडं हाताळायला शिकलेली.

तिने पहिल्या सकाळी सांगितलं, "वय, पगार, नातं, सगळं किनाऱ्यावर ठेवायचं. ज्याच्या हातात दांडा, त्याचा शब्द. प्रत्येकाला रोज एक फेरी मिळेल."

रावसाहेब म्हणाले, "म्हणजे घरी जे आजवर मिळालं नाही, ते इथे मिळणार. उत्तम."

रविराजने वडिलांना विचारलं, "आप्पा, हे लाकूड ओळखलंत?"

संभाजींनी माझ्यावरून हात फिरवला. तळवा मऊ झाला होता, पण मी तो लगेच ओळखला. "आरं, हे तर आपलं रुमणं," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले. सरुबाई शेजारीच उभी होती. ती नऊवारीवर तरंगायचं केशरी जॅकेट घालून माझ्याकडे पाहत होती.

संभाजींची फेरी सुरू झाली. त्यांनी मला धरलं आणि सगळा भार माझ्यावर टाकला. मला क्षणभर मातीचा भास झाला. पण खाली माती नव्हती. होडीने तोंड वाऱ्याकडे फिरवलं, शीड फडफडलं आणि आम्ही जागच्या जागी डुलत राहिलो.

"काका, दाबू नका," मैत्री म्हणाली. "बाजूला सरकवा. हलक्या हाताने."

"आगं, दाबल्याबिगर फाळ लागंल का?"

रावसाहेब म्हणाले, "संभाजीराव, आपल्याला पेरायचं नाहीये. पलीकडे पोहोचायचं आहे."

सगळे हसले. संभाजी हसले नाहीत. त्यांनी पुन्हा दाबलं, पुन्हा होडी थांबली. आयुष्यभर जी गोष्ट त्यांना सगळ्यांत चांगली येत होती, तीच आता आडवी येत होती. मग सरुबाईचं नाव पुकारलं, तेव्हा ते मूठ न सोडता म्हणाले, "तिला कशाला? तिची फेरी मीच घेतो." सरुबाईने मान खाली घातली. मैत्रीने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि संभाजींच्या हातात दांडा राहू दिला.

दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. संभाजींनी दोन फेऱ्या घेतल्या आणि दोन्ही वेळा इतकं दाबलं, की माझ्या पट्टीजवळ तडा गेला. मैत्रीने त्यावर ओली सुतळी आवळून बांधली. ती म्हणाली, "काका, आणखी एकदा एवढा भार टाकलात, तर हा मोडेल."

संध्याकाळी चुलीपाशी भाकरी थापताना मैत्रीने विचारलं, "मावशी, तुम्हाला भीती वाटते का?"

"भीती न्हाई गं."

"मग फेरी का नाही घेत?"

सरुबाई तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "एकदा धरलं हुतं म्या ते. धरू दिलं न्हाई."

तिसरा दिवस शेवटचा. रावसाहेबांची फेरी झाली, रविराजची झाली. परतीचं पाणी तेवढं कापायचं राहिलं आणि संभाजी मूठ धरायला पुढे सरकले.

सरुबाई म्हणाली, "आज माझी फेरी हाय."

संभाजींना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "काय?"

"माझी फेरी. दोन दिस तुम्ही घेतली. आज मी घेनार."

"सरू, ते रुमणं हाय."

"ठावं हाय मला. म्हनूनच घेनार."

"बाईनं रुमणं..."

"तीन दिस झालं, ही पोरगी धरतीया. तवा न्हाई बोलला."

"ती शिकल्याली हाय."

"आन् मी शिकायलाच आलीया न्हवं का?"

संभाजींचा चेहरा मी वर्षानुवर्षं पाहिलेला. त्यात राग होता, आणि रागाखाली काहीतरी वेगळं, दुखावल्यासारखं. मग सरुबाई हळू आवाजात म्हणाली, "त्या साली धरू दिलं असतं, तर रान पडीक पडलं नसतं. मी काय तुमचं नाव घालवाय न्हवते धरत. तुमचंच रान हुतं."

संभाजी उठले आणि पुढच्या फळीवर जाऊन बसले. मैत्रीने शिडाचा दोर त्यांच्या हातात दिला. सरुबाई माझ्याशेजारी बसली आणि तिने हात ठेवला.

तिने लगेच चूक केली. डावीकडे जायचं म्हणून मला डावीकडे ओढलं, होडी उजवीकडे वळली, पाण्याचा सपकारा उडाला आणि रावसाहेब चिंब भिजले.

"वहिनी," ते चष्मा पुसत म्हणाले, "आंघोळ सकाळीच झाली होती माझी."

"चुकलं भाऊ," ती म्हणाली, आणि तिलाच हसू आलं. पण दुसऱ्यांदा तिने तीच चूक केली नाही. मित्रांनो, तिच्या हाताला दाबायची सवय कधी लागूच दिली नव्हती. त्यामुळे त्या हाताला विसरायचंही काही नव्हतं. तिने मला नुसतं धरलं, जसं आपण झोपलेल्या मुलाचा हात धरतो. शीड भरलं आणि होडी सरळ निघाली.

मध्यावर आलो आणि डोंगराच्या खिंडीतून वाऱ्याचा झोत आला. होडी एका बाजूला कलली. शिडाचा दोर ढिला सोडायला हवा होता, आणि दोर संभाजींच्या मुठीत होता.

सरुबाई म्हणाली, "आवं, दोर सोडा."

ते हलले नाहीत. समोर पाण्याकडे बघत राहिले. होडी आणखी कलली, कडेवरून पाणी आत आलं. रविराज उठायला लागला, तेव्हा मैत्रीने त्याला बसवलं आणि स्वतःचा हात दोराजवळ नेऊन ठेवला. दांडा ज्याच्या हातात, शब्द त्याचा. सगळे सरुबाईकडे पाहत होते. सरुबाई संभाजींच्या पाठीकडे पाहत होती. तिने मला अजूनही दाबलं नाही.

"दोर सोडा म्हनते ना!" ती ओरडली.

तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. संभाजींनीही नसावा. त्यांची मूठ उघडली. दोर सुटला, शिडातला वारा ओसरला आणि होडी सरळ झाली.

पाणी फळ्यांना लागून जात होतं. मग संभाजी मागे वळले. ते तिच्या चेहऱ्याकडे पाहत नव्हते. माझ्यावरच्या तिच्या हाताकडे पाहत होते, एखादं नवं पीक पाहावं तसं.

"किती दाबतीस गं?" त्यांनी विचारलं.

"दाबतच न्हाई. नुस्तं धरलंय."

"मला दावशील?"

सरुबाईने किनाऱ्याकडे नजर ठेवूनच उत्तर दिलं, "माझी फेरी हुंद्या. मग दावते."

संभाजींनी मान हलवली आणि ते थांबले.

मित्रांनो, आज मी फार थकलो आहे. सुतळी सैल झाली आहे, आणि माझ्या जागी लवकरच नवा दांडा येईल. त्याचं मला दुःख नाही. मी लाकूड आहे. हात कोणाचा, हे आम्हा लाकडांना कधी विचारावंसं वाटलं नाही. ते माणसांनीच ठरवलं होतं. तुमच्या घरीही कुणी मुकाट्याने आपली फेरी दुसऱ्याला देत असेल. त्यांना एकदा विचारा. आणि त्यांनी हात पुढे केला, तर तोंडाने नुसतं हो म्हणून थांबू नका, उठून जागा द्या. होडी लहान असते. कुणीतरी सरकल्याशिवाय तिथे जागा होत नाही.