रंभाला नावं पुकारायची होती

मुलांची वजनं, खिचडी, फोनवर फोटो चढवणं, त्यासाठी रेंज शोधत टेकाडावर जाणं, अंगणवाडीचं हे सगळं उरकून दुपारी जरा पाठ टेकावी म्हटलं, की रंभा दारात हजर. हातात लहान पोरांची अंकलिपी. माझी नोकरी संपत आलेली, गुडघे कुरकुरतात, आणि या वयात मी चाळिशीच्या बाईला अ आ इ शिकवत बसले होते. चिडचिड व्हायची, खोटं कशाला बोलू.

बरं, रंभा अडाणी असती तर गोष्ट वेगळी. तिचं माहेर प्राणहिता नदीपलीकडचं, तेलंगणातलं. सातवीपर्यंत तेलुगू शाळेत शिकलेली, तिकडचा पेपर हाती लागला तर झरझर वाचणारी. लग्न होऊन आमच्या कुरखेड्याकडच्या जंगलातल्या गावात आली आणि तिचं शिक्षण मातीत गेलं. गोंडी दोन्हीकडची जवळपास एकच, मराठीही ती फाडफाड बोलायला शिकली, पण एसटीची पाटी वाचता येईना. मागं सर्वेवाल्या पोरीनं विचारलं, मराठी वाचता येतं का? ही नाही म्हणाली, तशी सरळ निरक्षरांत घातली. ते तिला फार लागलं.

आमच्याकडं बांबूच्या कामाला कोण जाणार त्यांची नावं ग्रामसभेत मोठ्यानं पुकारतात. ते काम तिच्या नवऱ्याचं, सुकलूचं होतं. तो कावीळ होऊन गेला आणि त्यानंतर कोणीही उठायचं, कसंही पुकारायचं, मागाहून भांडणं. रंभा सभेत उभी राहून म्हणाली, हे काम मी करते. काही जण हसले. गावप्रमुख पोचूभाऊंनी मात्र तिला पुढच्या सभेपर्यंत मुदत दिली. नावं बिनचूक वाचलीस तर काम तुझं, म्हणाले.

म्हणून ही माझ्या दारात.

तिला आपली अक्षरं सगळी सारखीच दिसायची. तेलुगू अक्षर वाटोळं, सुटं सुटं. आपली एका दोरीला टांगलेली. मला दोरीच दिसते, कपडे दिसत नाहीत, असं ती म्हणायची. पहिल्या वेलांटीवरून तर ती माझ्याशी भांडलीच.

"आवाज मागून येते, तं खूण आंधी काऊन?"

असंच असतं, म्हटलं, आणि विषय मिटवला. जोडाक्षर आलं की ती अक्षराच्या पायाशी शोधायची, कारण तिकडं दुसरं अक्षर खाली लोंबतं. मी कपाळाला हात लावायचे, ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. कधी पुस्तकावरच तिचा डोळा लागायचा. पहाटेपासून मोहफुलं वेचून आलेली असायची बिचारी. मग मीही भिंतीला टेकून डोळे मिटायचे.

एका दुपारी तिनं केरसुणीची काडी घेतली आणि अक्षरांवरची रेघ झाकून टाकली. राहिलेलं वाचलं. अडखळत, पण वाचलं. त्या दिवसापासून तिच्या वेणीत कायम एक काडी खोचलेली असायची. हळूहळू काडीशिवायही जमायला लागलं.

सभा गोटुलात भरली. गावाच्या बैठकीची जागा ती. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. सभेचे कागद सांभाळणाऱ्या लोकेशनं कुरखेड्याहून नावांचा कागद छापून आणला होता. नाव आलं की त्या माणसानं 'हाव', म्हणजे हो, म्हणायचं, तो नसला तर घरच्यानं, मगच पुढचं, ही आमची रीत. रंभा वाचू लागली. झाडू, हाव. भागीरथा, हाव. जोडाक्षरालाही अडली नाही. हसणारे गप्प बसले. माझा जीव भांड्यात पडला.

आणि ती थांबली.

मी शेजारीच होते, कागदात डोकावले. लोकेशनं जुनाच कागद छापून आणला होता, त्यात सुकलूचं नाव तसंच राहिलेलं. आमच्याकडं बाई नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाही, तो असो वा नसो. घ्यायची वेळच आली तर दुसरं कोणी तिच्यासाठी घेतं. रंभाच्या तोंडून ते नाव कधी कोणी ऐकलं नव्हतं. ती का थांबली ते सगळ्यांना कळलं. मला लोकेशचा असा राग आला की काय सांगू. तिच्याऐवजी मीच नाव घ्यायला निघाले, तर तिनं माझा हात धरला.

"नाई इंदुबाई," ती हळूच म्हणाली. "बिनचूक वाचाचं हाये मले. सोडलं तं चूकच होते."

तिनं कागदावर बोट ठेवलं. अक्षरं नवीन असताना वाचायची तशी, एकेक सुटं.

"सु. क. लू."

सुकलू स्वतः पुकारायचा तेव्हा आपल्या नावाला आपणच 'हाव' म्हणायचा आणि सभा हसायची. आता कोणी हसलं नाही. रंभा थांबली, प्रत्येक नावानंतर थांबत होती तेवढीच.

"हाव," ती स्वतःच म्हणाली, आणि पुढचं नाव वाचलं.