शाबूत गुडघे

ट्रॅकपँट दुरुस्त करणाऱ्या बाईपासून काहीही लपत नाही. महिला व्यायाम मंडळातल्या अकराजणींच्या पँट वर्षभर शिवणवाल्या ताईंच्याच मशीनखाली यायच्या आणि दर वेळी तोच प्रकार: गुडघे कोरे करकरीत, सीट मात्र झिजून जाळी झालेली. ताई निमूटपणे मागच्या बाजूला आतून ठिगळ लावून द्यायच्या. त्यांची स्वतःची पँटही काही वेगळी नव्हती.

मंडळात प्रेमाला तोटा नव्हता, तीच तर पंचाईत होती. सोमवारी धावायचं, आणि नियम असा की कुणालाही मागे टाकायचं नाही; एक थांबली की सगळ्यांनी थांबायचं. अकराजणींत कुणी ना कुणी थांबणारच. त्यामुळे पोस्टापुढच्या बाकापलीकडचा रस्ता मंडळाने अजून पाहिलेलाच नव्हता. बाकावर बसून मग एकमेकींचं कौतुक. कुणी बुटाची नाडी बांधली तरी टाळ्या. अध्यक्षा होत्या शाळेतून निवृत्त झालेल्या हेडबाई. चाळीस वर्षं मुलींचे गुण कापण्यात गेली, त्याची भरपाई त्या आता टाळ्यांनी करत होत्या.

गुरुवारी भिंत चढायची. जुन्या गोदामात उभारलेली, धरायला आणि पाय ठेवायला रंगीत खुंट ठोकलेली, अगदी वर एक पितळी घंटा. ताईंचा जीव त्या घंटेत अडकला होता. आयुष्यभर मान खाली घालून टाके घातले. आता एकदा, फक्त एकदा, आपल्या हातापायांनी तिथवर जाऊन ती वाजवायची होती. पण दर वेळी अर्ध्या भिंतीवर त्यांचा पाय थरथरायचा आणि खाली दोर धरलेल्या हेडबाईंना ते बघवायचं नाही. "पुरे गं बाई! किती छान केलंस!" असं म्हणत त्या ताईंना अलगद जमिनीवर आणायच्या. मग टाळ्यांचा कडकडाट. ताई अशा एकोणीस वेळा कौतुकाने खाली आल्या होत्या. इतक्या मायेच्या बायकांना 'मला खाली आणू नका' असं कोणत्या तोंडाने सांगणार?

त्यात मंडळाने ठराव केला, की वर्षअखेरीला घंटेचं पदक सगळ्यांनाच द्यायचं, वाजवलेली असो वा नसो. ताईंनी सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या आणि घरी येऊन भांडी जरा जोरातच आपटली.

"काय झालं?" धाकट्या जाऊने विचारलं.

"कुठे काय."

जाऊ हॉस्पिटलात नर्स. काल ऑपरेशन झालेल्या माणसाला आज चालायला लावणारी. मंडळात ती चारच दिवस टिकली होती, कारण कुणी बसलं की 'दमलात, की कंटाळलात?' असं विचारायची. ताईंचं आणि तिचं बोलणं मीठ-साखरेपुरतंच होतं.

पुढच्या गुरुवारी हेडबाई मनगटाला पट्टी बांधून आल्या. टाळ्या वाजवून वाजवून मनगट धरलं होतं. दोर धरायला शिकलेली दुसरी एकच बाई होती, ती म्हणजे चार दिवसांत तेवढं शिकून गेलेली जाऊ. ताईंनी नाइलाजाने तिला फोन केला आणि ती ड्युटी संपवून तशीच आली.

ताई चढल्या. अर्ध्यावर पाय थरथरला, ठरल्यासारखा.

"घे गं खाली तिला!" दहाजणी ओरडल्या. "बास झालं! खूप केलंस, ताई!"

दोर हलला नाही.

"उतरायचंय तुम्हाला?" जाऊने विचारलं.

ताई भिंतीला चिकटून राहिल्या. एकोणीस गुरुवारांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता. पाय अजून लटपटत होता, बोटं जळत होती, भीतीही वाटत होती.

"नाही!" त्या ओरडल्या.

"मग श्वास घ्या. पाय थरथरू दे, तुटत नाही. मी धरलंय."

घंटा वाजली तेव्हा टाळ्या वाजवायचं सगळ्या विसरूनच गेल्या. ताई खाली आल्या. जाऊने कौतुकाचा एक शब्द काढला नाही. "हात दाखवा," म्हणाली आणि सोलवटलेली बोटं एकेक करून बघितली. ताईंना रडू आवरेना. एका घरात दहा वर्षं काढली, पण ही बाई आपल्याला आवडते हे त्यांना आज कळलं.

मंगळवारी हेडबाई दुकानात आल्या. इकडेतिकडे बघत पिशवीतून पँट काढली. डावा गुडघा टरकन फाटलेला, वर मातीचा डाग.

"बाकाच्या पुढे उतार आहे," त्या म्हणाल्या. "मला ठाऊकच नव्हतं."

ताईंनी नकळत टाळ्यांसाठी हात उचलले.

"टाळ्या नकोत!" हेडबाई घाईने म्हणाल्या. मग आवाज खाली आणून पुढे म्हणाल्या, "ठिगळ मात्र जरा दिसेल असं लाव."